वाळीत टाकलेला इतिहासकार

हे खरं आहे. पटलं तर पटलं. कुणाला पटवत बसायची ताकद आता माझ्यात राहिलेली नाही.

रात्रबित्र नव्हती. फेब्रुवारीतली, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या भर उन्हाळ्यातली रणरणती दुपार होती, १९८८ सालची. न्यूकॅसलच्या मागचं आमचं कोळशाचं गाव, ॲबरलिन. आणि जागा, खाणकामगार युनियनचा हॉल.

माझे वडील क्लॅरी ट्रेहार्न. मार्क्सवादी इतिहासकार. कम्युनिस्ट म्हणून नोकरी गेली, तेव्हा युनियनने त्यांना हॉलमागची खोली दिली. तिथे बसून त्यांनी आमच्या मोठ्या संपाचा इतिहास लिहिला. गावात बायबल नसलेली घरं सापडायची, बाबांचं पुस्तक नसलेलं घर सापडायचं नाही.

त्या पुस्तकात एक ओळ होती. संप फोडणारा एकच निघाला, पर्सी लॉकयर.

झालं.

आमच्याकडे संपफोड्याला वाळीत टाकतात. त्याच्याशी कुणी बोलत नाही. त्याच्या पोरांशीही नाही. पर्सी मेला तेव्हा शवपेटी उचलायला फक्त घरचेच होते.

संपाच्या स्मरणसभेच्या आदल्या आठवड्यात युनियनचा जुना सेक्रेटरी व्हर्न किटो आमच्याकडे बिअर प्यायला आला. बोलता बोलता म्हणाला,

"पर्सी खाणीत उतरायचा तो घोड्यांना चारा घालायला, कॉम्रेड. संप आपला, मुकी जनावरं कशाला उपाशी मारायची? मीच परवानगी दिली होती."

बाबांचा ग्लास हातातच राहिला. "मग इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतास?"

"तू छापून मोकळा झालास! छापलेल्याला खोटं म्हणणारा मी कोण? आणि आता गेला तो. सोड."

बाबांनी सोडलं नाही. मला म्हणाले, "लॉर्ना, सभेत सांगून टाकतो. माझं नाव गेलं तरी चालेल."

रविवारी हॉल खच्चून भरला होता. बाबा उभे राहिले.

"कॉम्रेड्स, पर्सी लॉकयर..."

आणि हॉलच्या लाकडी जमिनीखालून आवाज आला...

टाप. टाप.

नाल ठोकलेल्या टापा. मागोमाग ओल्या चाऱ्याचा वास. खाणीत कोळशाच्या गाड्या ओढणारे घोडे जाऊन किती वर्षं झाली होती!

मी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. सगळे बाबांकडे प्रेमाने बघत होते. ते प्रेम बाबांनीही पाहिलं. घसा खाकरला.

"...पर्सी लॉकयरसारखे फितूर असूनही आपण लढलो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टापा थांबल्या.

लोक हात मिळवायला आले, कौतुक करू लागले. बाबा माझ्या कानाशी वाकले.

"कुणी बोलत का नाही गं माझ्याशी?"

त्या दुपारपासून त्यांना माणसाचा शब्द ऐकू आला नाही. चहाची किटली ऐकू यायची. कुंपणावरचे मॅगपाय पक्षी ऐकू यायचे. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत.

मी कागदावर लिहून दाखवलं, 'बाबा, सगळे बोलतायत तुमच्याशी.'

त्यांनी वाचलं. "लिहिलंय म्हणून खरं मानू?"

थंडी सुरू झाली आणि ते गेले. त्याच हॉलमध्ये निरोपाची सभा झाली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. घोडे, चारा, परवानगी. पर्सी संपफोड्या नव्हता, हे तर दोनदा सांगितलं. मोठ्याने.

हॉलमध्ये शांतता...

मला वाटलं, चिडले. मी खाली बसले. शेजारून व्हर्न वाकला.

"फार रडू आलं का, पोरी? नुसतीच उभी राहिलीस. बापाबद्दल दोन शब्द तरी बोलायचेस."

मी उठून दाराकडे निघाले.

हॉलच्या दाराबाहेर पर्सीची नात बेरिल उभी होती. लॉकयर आत येत नाहीत. मी तिच्याकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही बोललो.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "शब्दन् शब्द ऐकला. पण आम्हाला ते आधीपासूनच माहीत होतं गं."

नंतर मी ते बेकरीत सांगून पाहिलं. पबमध्ये सांगितलं. एरवी माझं सगळं ऐकू जातं. तेवढ्या वाक्याला मात्र समोरचा कपाळाला आठ्या घालतो. "काय म्हणालीस?"

आता रडूही येत नाही.

म्हणून लिहितेय. पर्सी लॉकयर घोड्यांना चारा घालायला जायचा.

जमिनीखाली परत सुरू झालंय... टाप. टाप.

लिहिलंय म्हणून तुम्ही खरं मानाल का?