न वाकवलेली तलवार

माझ्या लोहारखान्याच्या भिंतीवर पंज्यांचे कागद टाचलेले आहेत. व्हायकिंग तलवारींच्या प्रतिकृती घडवणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. त्या जुन्या तलवारींची मूठ आजच्या हाताला तोकडी पडते, म्हणून गिऱ्हाईक आधी कागदावर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवतं आणि तो कागद मला पाठवतं. त्यात ट्रुल्स नावाचा एक दंतवैद्यही आहे. उन्हाळी जत्रेत तो ढाल घेऊन आरोळ्या ठोकतो आणि माझ्याकडे आला की कॉफीतल्या साखरेवरून मला चार शब्द ऐकवतो.

मुठीवर कातडं शिवून झालं की अंगठा जिथे टेकणार तिथे मी खडूची बारीक फुली करते. पहिल्यांदा मूठ आवळली की फुली पुसली जाते. मग पातं बाकावरच्या लोखंडी पकडीत धरून वाकवून दाखवते. सोडलं की ते परत सरळ. गिऱ्हाईक खूश होतं आणि खरं सांगायचं तर मीही.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात माझा धाकटा भाऊ आस्लाक स्कार्व्हो डोंगरावर रेनडिअरच्या शिकारीला गेला होता. वरच्या धोंड्यांच्या उतारावर, दोन दगडांच्या फटीत त्याला एक तलवार उभी दिसली. हजार-अकराशे वर्षांपूर्वीची. मुठीचं लाकूड-कातडं कधीच गेलेलं, पण पात्यावर नुसती तपकिरी झाक. आसपास हाड नाही, बक्कल नाही, काही नाही.

संग्रहालयाची हिल्डूर ती न्यायला आली तेव्हा माझ्याच टेबलावर तिने तलवार कापडातून उलगडली.

"एवढी सरळ मी पाहिलेली नाही," ती म्हणाली. "मालक मेला की त्याची तलवार तापवून वाकवायचे आणि त्याच्यासोबत पुरायचे. तलवारीलाही मारायचे म्हण ना."

"मग ही?"

"हिला कुणी मारलेली नाही." तिने वॉफलवर चीजचा काप ठेवला. "मालकाला पुरलंच नसेल."

"किंवा तो विसरला असेल," आस्लाक म्हणाला. "मी नाही का दर वर्षी चाकू विसरून येत?"

तलवार इतकी टिकली कशी, हे हिल्डूरला पाहायचं होतं. मी हुबेहूब प्रतिकृती करायची आणि ती त्याच फटीत वर्षभर ठेवायची, असं ठरलं. मुठीसाठी कुणाचा तरी हात हवा होता. मी आस्लाकचा घेतला, पाचही बोटांचा धडधाकट उजवा पंजा. ती तलवार माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं काम होतं. आपला तो बाब्या म्हणा हवं तर, पण तसं पातं मला पुन्हा जमलेलं नाही.

बर्फ पडायच्या आत आस्लाकने ती वर नेऊन फटीत उभी केली. पुढच्या सप्टेंबरात आम्ही तिघं ती आणायला वर गेलो. तलवार होती तिथेच होती. आठ महिने बर्फाखाली राहिलेलं कातडं तडकून निघायला हवं होतं. ते काळं आणि मऊ झालं होतं, हाताच्या तेलाने होतं तसं. त्यात तीन खोलगट जागा पडल्या होत्या: अंगठा, तर्जनी, मधलं बोट. त्याखाली अनामिका आणि करंगळी टेकतात तिथलं कातडं कोरंच होतं.

"उंदीर असतील," हिल्डूर म्हणाली.

"उंदरांना तलवार धरायला कुणी शिकवलं?" आस्लाक हसला.

मी हसले नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? वीस वर्षं वापरलेल्या मुठी मी दुरुस्त केल्या आहेत. ही मूठ रोज धरलेली होती, आणि धरणाऱ्याला दोन बोटं नव्हती. मी हे कुणाला बोलले नाही. चेष्टा झाली असती.

हिल्डूरने नवं कातडं घालायला तलवार माझ्याकडे दिली. मी जुनं सोलून भट्टीत टाकलं. नवं शिवलं, खडूची फुली केली. पण मनातून ते बोटांचे ठसे जाईनात. नोव्हेंबरात एका दुपारी मी भट्टी पेटवली, पातं लाल होईपर्यंत तापवून एकदाचं वाकवून टाकायचं ठरवून. ते निखाऱ्यांपाशी नेलं आणि त्याच्या धारेवरून माझी नजर फिरली. इतकं चांगलं काम. हिल्डूरला काय सांगू, हे निमित्त मी स्वतःला दिलं. खरं कारण गर्व होता. तलवार भिंतीवर टांगली आणि भट्टी विझवली.

जानेवारीत आस्लाक तितरांचे फासे बघायला स्कार्व्होवर गेला आणि वादळात सापडला. उजवा हातमोजा वाऱ्याने नेला. बर्फात खड्डा करून तो जगला. पण त्या हाताची गोठलेली दोन बोटं दवाखान्यात वाचवता आली नाहीत.

अनामिका आणि करंगळी.

मी त्याच्या खाटेशी बसून रडले. त्याला वाटलं, मायेने रडतेय. माया होतीच, पण त्याहून जास्त लाज होती.

"अगं लोहारीणबाई, आठ उरली आहेत," तो म्हणाला. "बंदुकीला तर एकच लागतं."

ईस्टरच्या शुक्रवारी सकाळी तो स्की घेऊन दारात उभा राहिला. पाठीवर पिशवी, पिशवीत संत्री. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातला.

"वर चाललोय. कॉफी दे."

"स्कार्व्होवर? आज नको जाऊस."

"आकाश बघ की. घासलेल्या पातेल्यासारखं आहे."

मग मी त्याला सगळं सांगितलं. मुठीवरचे ठसे, जाळलेलं कातडं, लाल न केलेलं पातं. त्याने कप खाली ठेवला. स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग उठला आणि भिंतीवरची तलवार काढली.

नोव्हेंबरपासून तिला कुणी हात लावला नव्हता. पात्यावर धूळ होती.

मुठीचं कातडं काळं आणि मऊ झालं होतं.

त्याने मूठ आवळली. तर्जनी आणि मधलं बोट दोन खोलगट जागांत बरोबर बसली.

"हे तू माझ्यासाठी केलंस होय?" तो म्हणाला. "एवढं छान बसतंय. आणि वर मला भुताच्या गोष्टी सांगतेस."

"मी नाही केलं, आस्लाक."

"बरं, नाही केलंस." त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "संध्याकाळी येतो. मटण जास्त शिजवू नकोस, मागच्या वेळी बुटाचा तळवा झाला होता."

त्याने तलवार परत टांगली आणि गेला. मी दारापर्यंत धावले, हाका मारल्या. त्याने मागे न बघताच काठी उंचावली.

आत येऊन मी तलवार उजेडात धरली. पहिल्या मुठीवर तीन जागा होत्या, आणि त्याच्या त्या हाताला तीनच बोटं उरली. हिच्यावर दोनच. अंगठ्याच्या जागेचं कातडं नवं, पिवळसर. त्यावर माझी खडूची फुली जशीच्या तशी होती.

आत्ताच माझ्यासमोर त्याचा अंगठा त्या फुलीवर दाबलेला होता, तरी ती पुसली नव्हती, जणू तो अंगठा नव्हताच.

भट्टी थंड होती. तापायला तास लागला असता. मी पातं पकडीत घातलं आणि सगळं अंग त्यावर टाकलं. ते वाकलं, पार माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. दम संपला तसे हात सुटले.

पातं सरळ झालं.

पुन्हा वाकवलं, पुन्हा सरळ. किती वेळा ते मोजलं नाही. खिडकीतून बर्चच्या झाडांपलीकडे स्कीच्या दोन रेघा वर गेलेल्या दिसत होत्या आणि त्यांच्या टोकाला आता कुणी नव्हतं. पकडीत पातं अजून बारीक थरथरत होतं. मग तेही थांबलं. त्याला कुठेही बाक नव्हता.