न विचारता बदललेली नावे

बुलढाण्याच्या बसस्थानकासमोरील संगणककेंद्रात महामाया आली, ती केवळ छायाचित्रांच्या फायलींची एक जादा प्रत काढून घेण्यासाठी. मोताळ्याच्या शेताशेतांतून हिंडून तिने कपाशीच्या रोगट पानांची चित्रे टिपली होती, आणि प्रत्येक चित्राला शेताचे व रोगाचे नाव स्वहस्ते दिले होते. त्या नावांवरच तिचा प्रबंध उभा होता. सोमवारी तो सादर व्हायचा होता.

केंद्र चालविणाऱ्या देवानंदाने तिच्याकडे एकवार पाहिले... आणि काही अधिक करून दाखविण्याचा मोह त्याला आवरला नाही. त्याने झरझर एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे साऱ्या फायलींवर एकदम चालणारी आज्ञावली, लिहिली, कळ दाबली. निमिषार्धात सारी नावे लोपली. उरले ‘पान १’, ‘पान २’, ‘पान ३’...

“पाहा, कसं ओळीनं लागलं!”

महामायेचा चेहरा तप्त झाला. “हे कोणत्या वावरातलं पान हाय, सांगा बरं! मले इचारलं होतं का तुम्ही?”

“मले वाटलं, तुम्हाले आवडीन—”

“उद्या माह्यं नाव बदलसान, अन् म्हणसान आवडीन! अन् प्रत? जिच्यासाठी आली, ते तर काढलीच नाही!”

देवानंद ओशाळला. “ठेवून जा. नीट करून देतो.”

“तुमच्या भरवशावर? मी इथंच बसते.”

चित्रांच्या अंतरंगी कॅमेऱ्याने नोंदलेले स्थळ व वेळ सुरक्षित होती. त्यांवरून शेत ओळखणारी दुसरी स्क्रिप्ट त्याने रचली. रोगाचे नाव महामाया सांगे. प्रत्येक बदलापूर्वी पडद्यावर प्रश्न उमटे — ‘हे नाव देऊ का?’ ती प्रत्येक वेळी ‘हो’ची कळ आपटे.

“हे घडीघडी काऊन इचारते?”

“एकदा नाही इचारलं, त्याचं फळ भोगून राह्यलो.”

तिच्या ओठांवर स्मित येऊ पाहत होते. तिने ते परतविले. राग इतका स्वस्त नव्हता.

सायंकाळी शेवटच्या पानाला नाव लाभले. देवानंद पाणी घेऊन परतला, तो पडद्यावर वेगळाच प्रश्न! दिवसभर पाहून पाहून तिने स्क्रिप्टमधील प्रश्नाची ओळ स्वतः बदलली होती — ‘सोमवारी प्रबंध दिल्यावर चहा पाजसान का?’

त्याने पाणी खाली ठेवले, बोट कळेपाशी नेले.

“दाबा नं!” ती कडाडली. “न इचारता धडाधड दाबत होते, आता इचारलं, तर बोट काऊन अडलं?”

“थांबा,” तो हळूच म्हणाला, “आधी प्रत काढतो.”

त्याने प्रत काढली. मग ‘हो’ दाबले.