बुजवलेली खिडकी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नसेल त्यांनी इथेच थांबावं, मनधरणी करायला कुणाला वेळ नाही.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. भर दुपार.

आमचे दाजी घरं बांधायची कंत्राटं घेतात. स्वतःचं घर सोडून जगातलं प्रत्येक बांधकाम त्यांना भिकार वाटतं. त्या दिवशी ताईला आणि लहानग्या चिमीला घेऊन ते डोंगरावरचा जुना किल्ला बघायला गेले. वाटेतल्या गावापासूनच त्यांचं नाक मुरडणं सुरू झालं.

"नुसते दगडावर दगड ठेवलेत. ही काय घरं?"

"इतकी वर्षं उभी आहेत," ताई म्हणाली.

"पाडायला कुणाला सवड मिळाली नसेल."

किल्ल्यात एक लांबट, अंधारी खोली होती. तिच्या टोकाचा दरवाजा कधीतरी दगडांनी बुजवून टाकलेला. दाजींचा हात शिवशिवला. बोटांनी भिंत वाजवायची, पोकळ जागा शोधायची आणि मग गवंड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, ही त्यांची रोजची सवय.

"भिंत वाजवू नका," पहारेकरी दारातून म्हणाला.

"का? पडेल?"

"पडणार नाही."

"मग झालं तर."

टक टक...

"पोकळ आहे. अगदीच भंगार काम."

आणि मग...

पलीकडून उत्तर आलं.

टक टक.

"आवाज घुमतोय," दाजी म्हणाले. त्यांनी पुन्हा वाजवलं, या वेळी एकदाच.

पलीकडून दोनदा वाजलं.

चिमी आईला बिलगली. ताईने मागे बघितलं, तर पहारेकरी दारात नव्हता.

शहाणा माणूस तिथून निघाला असता. पण लेकीसमोर माघार घेतली तर ते दाजी कसले?

"एवढी हौस असेल तर आमच्या घरी ये," ते भिंतीला म्हणाले. "भिंत कशी असते ते दाखवतो."

पलीकडे एकदम शांत झालं.

ताई म्हणते, ते जास्त वाईट होतं.

त्याच संध्याकाळी चिमीच्या खोलीत...

टक टक.

बाहेरच्या भिंतीतून. खोली वरच्या मजल्यावर, बाहेर पाय ठेवायलाही जागा नाही.

आवाज कोपऱ्यातून निघाला. थोडं वाजायचं, थांबायचं, वीतभर पुढे सरकायचं. दाजींचा चेहरा उतरला. ही पद्धत त्यांच्याच हातची होती. कुणीतरी पोकळ जागा शोधत होतं.

"तुमची भिंत भक्कम आहे ना?" ताईने विचारलं.

दाजींनी भिंतीच्या मधोमध तळहात टेकवला.

त्या भिंतीत आधी खिडकी होती. नंतर नकोशी झाली. बुजवताना दाजींना विटा आणायचा कंटाळा आला, म्हणून आत राडारोडा कोंबला आणि वरून गिलावा फासला. स्वतःच्या मुलीच्या खोलीत! कोण बघतंय?

आवाज रोज पुढे येत राहिला. एके दिवशी त्या जागेवर पोचला...

आणि तिथेच थांबला.

तेव्हापासून गिलावा आतल्या बाजूला फुगतोय. चिमीचं अंथरूण ताईने आपल्या खोलीत हलवलंय. दाजींनी गवंडी आणला. त्याने हात फिरवून बघितलं आणि सरळ सांगितलं, "पक्कं करायचं तर आधी फोडावं लागेल."

दाजींनी त्याला आल्या जिन्याने परत पाठवलं.

आता ते स्वतः हातोडी घेऊन त्या भिंतीसमोर बसतात. फोडायची छाती होत नाही. न फोडावी, तर ती कधीही आपोआप फुटेल. परवा चिमी दारात येऊन उभी राहिली. बापाकडे तिने असं बघितलं, जसं ते इतरांच्या बांधकामाकडे बघतात.

"बाबा, तुम्हीच बोलावलंत ना त्याला? मग घाबरता काय? उघडा."

काल ताईचा फोन आला होता. गिलाव्याला चीर पडलीये.

चिमी त्या भिंतीसमोर जाऊन बसलीये, खोलीतून बाहेर यायला तयार नाही.