बुटाला लागलेली माती

शेवंतीच्या वाफ्यात अनोळखी माणूस खड्डा खोदताना दिसला, तेव्हा आचलने फुलांची टोपली खाली ठेवली... विळा मात्र हातातच ठेवला.

"काय शोधून राहिले आमच्या वावरात?"

"माती." तो उठला. बूट चिखलाने जड, गालावर काळा ओघळ. "मी सागर, अकोल्याचा. वलगावात घरकुलं बांधायची आहेत. दोन जागा तपासून राहिलो — हे वावर, नाहीतर शेजारचं मुरमाड, पडीक बरड. माती पसंत पडली तर जमीन द्यायले चंद्रभानजी हो म्हणाले."

"बाबा सगळ्यायलेच हो म्हणते."

गावात कितीतरी कुटुंबं एकेका भाड्याच्या खोलीत दाटीने राहत होती. घरं हवीच होती. पण शेवंतीवर? आणि हा इतकं गोड का बोलतो? पाणी दोनदा मागितलं, तिच्याकडे चारदा पाहिलं. मतलबाशिवाय कोण असं पाहतं?

तो विहिरीवर हात धुवायला गेला. तिने झटकन त्याच्या नमुन्याच्या पिशवीतली काळी माती ओतून दिली, बरडावरचा मुरूम भरला. शेतकऱ्याची पोर ती. चांगली माती म्हणजे सगळ्यालाच चांगली, आणि मुरूम पाहिला की हे वावर नापसंत होणारच.

तिसऱ्या दिवशी सागर पुन्हा हजर. हातात पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या नळ्या.

"या नळीत पिशवीतला मुरूम. टाकला तसाच बसून आहे. अन् ही — माझ्या बुटाला लागलेली, तुमच्या वावरातली." दुसऱ्या नळीतली माती फुगून दुप्पट झाली होती. "हिच्यावर घर बांधलं तर भिंती तडकतात. घरं मुरमावरच उभी राहतात. तुमी तर स्वतःचंच वावर देऊन टाकत होत्या."

"मंग... मी माती बदलली, असं लिहिलं काय?"

"नाई. नमुना पुन्हा घ्या लागते, इतकंच लिहिलं."

"तुमाले तर सारं समजलंच होतं. तुमच्या साहेबाले फोनवर सांगता आलं असतं."

"आलं असतं..." तो नळीकडेच पाहत राहिला. "पण मंग इथं यायले कारण नसतं उरलं."

तिने त्याला खालून वर न्याहाळलं. बूट लखलखीत.

"आज बूट काहून धुतले?"

"तुमच्या बाबांना भेटायचं आहे. मातीसाठी नाई."

तिने कुदळ त्याच्या हातात दिली. "खोदा. माझ्यासमोर."

त्याने काळी माती काढली. तिने पिशवीत भरून गाठ स्वतः मारली.

"बाबा हो म्हणतील?" त्याने हळूच विचारलं.

"ते सगळ्यायलेच म्हणते." ती टोपलीकडे वळली. "मी कोणालेच म्हणत नाई... तुमाले हो म्हणून राहिली."