शुभ खुर्च्या

वजनकाटे तपासणं ही माझी नोकरी. हाँगकाँगमधल्या साय यिंग पुनच्या चढउताराच्या गल्ल्यांत औषधी मुळ्यांची आणि सुक्या मासळीची दुकानं खच्चून भरलेली आहेत, आणि त्यातल्या बहुतेक काट्यांना माझा हात लागलेला आहे. मला पाहिलं की दुकानदार तोंडभर हसतात आणि मनातल्या मनात शिव्या घालतात. वीस वर्षांत मी एवढंच शिकले, की माणूस खोटं बोलतो, वजन बोलत नाही.

दुपारी जेवायला मी सातव्या मावशीच्या सूपच्या दुकानात जाते; सगळी गल्ली तिला याच नावाने हाक मारते. सहा टेबलं, झाकणाची मातीची भांडी आणि भिंतीत मुरलेला संत्र्याच्या वाळक्या सालीचा वास. काय काय मिळतं, ते कुठे लिहिलेलं नाही. मावशी तोंडाकडे बघते, फार तर जीभ दाखवायला लावते आणि कुठलं सूप प्यायचं ते तीच ठरवते. गर्दीत अनोळखी माणसंही एकाच टेबलाला बसतात. बसण्याआधी विचारतात, "ही खुर्ची शुभ आहे का?" आमच्या बोलीत 'रिकामं' आणि 'अशुभ' यांचा उच्चार एकच आहे, म्हणून रिकाम्या घराला काय किंवा रिकाम्या खुर्चीला काय, आम्ही शुभच म्हणतो.

मार्चमधल्या एका सोमवारी मी नेहमीचं यीमायचं सूप मागितलं. यीमाय म्हणजे ज्वारीसारखे टपोरे पांढरे दाणे. पोटुशी बाईला ते वर्ज्य असतात, हे इथे शाळकरी पोरीलाही ठाऊक असतं.

मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं. "तुला नाही मिळायचं."

"का? संपलं?"

"हंडाभर आहे. पण तुला नाही."

माझे कान तापले. मला सातवा आठवडा लागला होता आणि ते फक्त माझ्या नवऱ्याला, क्योंग-फायला, माहीत होतं. तीन महिने भरेपर्यंत अवाक्षर काढायचं नसतं. पोटातलं बाळ कोत्या मनाचं असतं, गाजावाजा झाला की रुसून निघून जातं, असं माझी आई सांगायची. गाजावाजा न करताही माझी तीन गेली होती, तिन्ही अकराव्या आठवड्यात. त्यांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना नावंही ठेवली नव्हती. आता मी एक्केचाळीस वर्षांची होते. हे बाळ मला हवं होतं, दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

मावशीने माझ्यापुढे काळ्या कोंबडीचं सूप ठेवलं. मग टेबलाच्या उरलेल्या तीन बाजूंना तीन लहान वाट्या ठेवल्या, सफरचंद आणि नासपतीच्या गोड सूपच्या.

"हे कुणाला?"

"पोरांना कडू आवडत नाही," असं म्हणून ती आत गेली.

म्हातारीला भ्रम झाला असेल असं मी धरून चालले. पण त्यानंतर हे रोजचंच झालं. कुणी माझ्या टेबलाशी येऊन "शुभ आहेत का?" विचारलं, की मावशी मान वर न करता म्हणायची, "नाहीत. तिकडे बसा." दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, लोक वाडगा हातात धरून उभ्याने सूप प्यायचे, आणि मी चार खुर्च्यांच्या टेबलाला एकटीच. लोक माझ्याकडे रागाने बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा मी खिशातला काटा काढलाच. ठेवताना प्रत्येक वाटी दोनशे ग्रॅम. मी उठले तेव्हा तिन्ही एकशेऐंशी. वाफेने एवढं जात नाही. काटा मी सकाळीच तपासला होता. मी पुन्हा वजन केलं नाही.

अकरावा आठवडा लागला. मंगळवारी टाय लावलेला एक माणूस वाडगा घेऊन टेबलाशी आला. "शुभ आहेत का हो?"

"नाहीत," मावशी आतून ओरडली.

मला रात्रीची झोप नव्हती. भीतीने जीव नुसता टांगणीला लागला होता. मी म्हणाले, "बसा हो खुशाल. रिकाम्या आहेत."

तो शब्द असाच, सरळ तोंडातून गेला. दुकानातले चमचे थांबले.

तो माणूस बसला. ओटीपोटात कळ आली.

ती मला ओळखीची होती. तीन वेळा अशीच आली होती.

मावशी धावत आली आणि तिने त्याला दंडाला धरून उठवलं. कमरेच्या फडक्याने खुर्ची पुसली.

"काय म्हणालीस त्यांना? माफी माग."

"कुणाची, मावशी?"

"तुला माहीत नाही होय?"

मी त्या तीन खुर्च्यांकडे बघितलं. इतक्या दिवसांत मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

"चुकले रे," मी म्हणाले. "बसा बाळांनो. जागा तुमचीच आहे."

आणि भर दुकानात मी हमसून रडले.

कळ हळूहळू ओसरली. वाट्या तळापर्यंत कोरड्या होत्या.

लेक नोव्हेंबरमध्ये झाली. शंभर दिवस झाल्यावर तिला बाळगाडीत घालून मी मावशीकडे नेलं. मावशीने तिचा पाय हुंगला, माझ्यापुढे सूप ठेवलं. एकच वाडगा. तेवढ्यात दोघं आले, "शुभ आहेत का?"

"शुभ आहेत, बसा," मावशी म्हणाली.

लेकीला मी गाडीतून उचलून मांडीवर घट्ट धरलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

मग बाजारहाट करून आलेली एक बाई बाळगाडीशी थांबली. "ही शुभ आहे ना गं? पिशवी ठेवते जरा."

मावशीने वाकून गाडीत पाहिलं. "नाही गं बाई. दाटीवाटीने बसलेत."

जाताना मी लेकीला कडेवरच घेतलं. एका हाताने गाडी ढकलत चढ चढू लागले. गाडी जड लागत होती. मधेच माझा पाय घसरला आणि दांडा हातातून सुटला. ब्रेक लावलेला नव्हता. बाळाला सावरून मी पुन्हा हात लावेपर्यंत गाडी त्या उतारावर जागच्या जागी उभी होती.