गिलाव्यातल्या सावल्या

नागपूरच्या कालमापन प्रयोगशाळेच्या अंधारखोलीत, मंद लाल दिव्याखाली, गिलाव्याचा एक मोठा तुकडा ठेवला होता. वैनगंगेकाठच्या खैरबोडी गावात एक टेकाड आहे. त्याच्या पोटात गाडल्या गेलेल्या बौद्ध चैत्यगृहाच्या दारासमोरच्या भिंतीचा हा गिलावा. ऊन लागू नये म्हणून तो काळ्या कापडात गुंडाळून आणला होता.

"मला सोप्या भाषेत सांगा," उत्खननप्रमुख यशोधरा गणवीर म्हणाल्या. "मी विटा-खापरांची माणूस."

भौतिकशास्त्रज्ञ केळापुरे हसले. "वाळूचा कण अंधारात असला, की आजूबाजूच्या मातीतला किरणोत्सर्ग थोडाथोडा साठवत राहतो. ऊन लागलं की साठा रिकामा. मग अंधारात पुन्हा शून्यापासून सुरुवात. साठा मोजला की शेवटचं ऊन कधी लागलं ते कळतं. ही त्याची प्रकाशस्मृती."

"आणि त्यात सावल्या दिसतात म्हणता, त्या कशा?"

"उन्हात कुणी बराच वेळ उभं राहिलं, तर त्याच्या सावलीतले कण रिकामे होत नाहीत. यंत्राच्या हलक्या वाचनात, साठ्याला फारसा धक्का न लावता, त्या सावलीचं चित्र दिसतं. नेमकं वय हवं तर पूर्ण वाचन करावं लागतं. पण तेवढ्या जागेची स्मृती कायमची पुसली जाते."

खैरबोडी हे यशोधराबाईंचं माहेर. वडील तिथल्या शाळेत मास्तर. रविवारी ते लेकीला घेऊन टेकाडावर सीताफळं तोडायला जायचे. सीताफळ खाता खाता, भिक्षापात्र घेऊन गावातून परतणाऱ्या भिक्खूंबद्दल असं सांगायचे, की जणू सकाळीच भेटून आलेत. ते भिक्खू हे ठिकाण सोडून कधी गेले, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्याच प्रश्नामागे यशोधराबाईंची हयात गेली.

केळापुऱ्यांनी हलकं वाचन सुरू केलं. पडद्यावर दोन सावल्या उमटल्या. एक उंच, एक ठेंगणी. दोघांचे हात जोडलेले.

"भिक्खू आणि श्रामणेर, त्याचा लहान शिष्य," केळापुरे हळूच म्हणाले. मग आकडे पाहून थबकले. "काहीतरी चुकतंय. सावलीबाहेरच्या, ऊन लागलेल्या कणांचं ढोबळ वय जेमतेम पन्नास वर्षं येतंय."

यशोधराबाई पडद्याजवळ गेल्या. उंच सावलीची मान डाव्या खांद्याकडे कललेली होती. शाळेतली पोरं पाठीमागे 'तिरपे गुरुजी' म्हणायची. ठेंगणीच्या कानांवर दोन रिबिनींची फुलं होती.

"हे माझे वडील आहेत," त्या म्हणाल्या. "आणि ही मी."

त्यांना तो उन्हाळा आठवला. बाबांनी कुदळीनं खणलेला खड्डा, आतला गारवा, तिथं दोघांनी उन्हात हात जोडून उभं राहणं, आणि नंतर माती लोटताना ते म्हणालेले, "लोक विटा नेतात, बाई. राहू दे याला झाकलेलं." तो आपला साधा खड्डा, असंच त्या आजवर समजत होत्या.

"म्हणजे त्या उन्हानं भिक्खूंच्या काळाची स्मृती पुसली," केळापुरे म्हणाले. मग थांबून त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. "तुमच्या दोघांच्या सावलीपुरती सोडून. तिथले कण रिकामे झालेच नाहीत."

यशोधराबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"वय काढायला एक सावली पुरेल," ते चाचरत म्हणाले. "कुठली वाचू?"

"लहान."

पूर्ण वाचन संपलं. आकडा आला: भिक्खू गेले त्याला सतराशे वर्षं, थोडं अलीकडेपलीकडे. केळापुऱ्यांनी चित्र पुन्हा घेतलं. गुरुजी आता एकटेच हात जोडून उभे होते.