हिरवा ठिपका

आमच्याकडे ऑपरेशनमध्ये निघालेला गोळा नातेवाईकच लॅबमध्ये आणून देतात. प्लास्टिकची बरणी, तिला रबरानं बांधलेली डॉक्टरची चिठ्ठी, आणि मंगरूळपीर ते कारंजा एस.टी.त ती बरणी मांडीवर. तेवीस वर्षं मी कारंज्यात पॅथॉलॉजीची लॅब चालवते. बरणी टेबलावर ठेवली की माणसं माझ्या तोंडाकडं बघत बसतात. मी तेव्हा काही बोलत नाही. पण खरं सांगते, निम्म्या वेळा मला तिथंच कळलेलं असतं आणि माझं सहसा चुकत नाही.

रुखमाबाई आसेगावजवळच्या तांड्यातून आल्या. त्यांची लेक निता, वय एकवीस. उजव्या अंडाशयातून संत्र्याएवढा गोळा काढलेला. सर्जननं डावं अंडाशय आणि गर्भाशय तसंच ठेवलं होतं, माझ्या रिपोर्टच्या भरवशावर. गोळा साधा निघाला तर पोरगी मोकळी. वाईट निघाला तर राहिलेलं सगळं काढून वर किमो.

"डॉक्टरबाई, पोरीचं लगन जुळलं हाय. नीट पाहजा," रुखमाबाई म्हणाल्या.

"मी नीटच पाहते," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सेवादासनं स्लाइड समोर ठेवली. सेवादास माझा टेक्निशियन. वीस वर्षांचा सोबती, आणि हात असा की कापलेल्या थराला एक सुरकुती पडत नाही. मी डोळा लावला आणि मन खट्टू झालं. पेशीच्या पोटात एक थेंब आणि त्यानं केंद्रक कडेला ढकललेलं. हुबेहूब अंगठी. अंडाशयात अशा पेशी दिसल्या की आम्हाला एकच आठवतं, जठरातला कॅन्सर इथवर पोचलाय. एक फार विरळ, निरुपद्रवी गोळाही असाच दिसतो. त्यात तो थेंब चरबीचा असतो आणि कॅन्सरमध्ये श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा. पण असला गोळा मी कधी पाहिला नव्हता. पुस्तकातली गोष्ट, म्हटलं. मनातल्या मनात रिपोर्ट लिहूनही झाला.

तेवढ्यात काचेवरचा ठिपका दिसला. हिरवा, मोहरीएवढा.

आम्ही संशयाच्या जागी पेननं अशी खूण करतो. पण माझं पेन निळं. लॅबमध्ये हिरवं पेन नाहीच.

"सेवादास, हे तू केलंस?"

"मी कायले करू मॅडम? मले काय समजते त्यातलं?"

ठिपक्याखालची जागा पाहिली. तिथं पेशींची छोटी छोटी बेटं होती, मध्ये फाटे फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. अंगठीसारख्या पेशी हळूहळू साध्या, लांबट होत गेलेल्या. कॅन्सर असा वागत नाही. जरा खटकलं, पण एका कोपऱ्यावरून काय ठरवायचं? स्पिरिटचा बोळा घेऊन ठिपका पुसला. निळी शाई अशी पुसली की बोळा निळा होतो. हा बोळा पांढराच राहिला.

मी नवी स्लाइड मागितली. सेवादासनं माझ्यासमोर थर कापला, माझ्यासमोर रंगवला, वर काच चिकटवली.

ठिपका तिथंच होता. बेटांवर.

सेवादासनं काच उजेडात तिरपी धरली. त्याचा आवाज उतरला. "मॅडम, हा काचंवर नाही. आत हाय, मासात."

ती शाई नव्हतीच. तो हिरवा रंग मी पाहिलेला होता.

कस्तुरा. कामरगावची, चोवीस वर्षांची, खालच्या ओठाखाली गोंदणाचा एकच हिरवा ठिपका. सोळा वर्षांपूर्वी स्वतःच्या गोळ्याची बरणी स्वतःच घेऊन आली होती. कॅन्सरचा रिपोर्ट हातात घेऊन म्हणाली, "बाई, आणखी एक डाव पाहा ना." मी म्हणाले, पाहिलंय, पुन्हा पाहायची गरज नाही. श्लेष्मा असला तर तो लाल करून दाखवणारा रंग तेव्हा संपला होता. मागवायचा कंटाळा केला. कस्तुरा किमोच्या तिसऱ्या डोसानंतर गेली.

मी काहीच फेकत नाही. तिचा मेणातला तुकडा कपाटात होता.

"दोघींचे थर काप," मी म्हणाले. "श्लेष्माचा रंग लाव."

दुपारी दोन्ही स्लाइड शेजारी शेजारी ठेवल्या. श्लेष्मा असता तर थेंब लालभडक दिसले असते.

निताच्यात एकही थेंब लाल नव्हता.

कस्तुराच्यातही नव्हता.

मी चष्मा काढला आणि रडले. सेवादास बाहेर जाऊन उभा राहिला.

निताचा तुकडा नागपूरला पाठवला, जठर दुर्बिणीतून तपासून घेतलं. सगळं स्वच्छ. तोच विरळ, निरुपद्रवी गोळा. रिपोर्टवर सही केली आणि सवयीनं तिच्या स्लाइड उजेडात धरल्या. ठिपका एकीवरही नव्हता. हायसं वाटलं. संपलं एकदाचं, असं मोठ्यानं म्हणालेसुद्धा.

रुखमाबाई रिपोर्ट न्यायला आल्या. निता बरोबर होती, चेहऱ्यावर रंग परत आलेला. मी समजावून सांगितलं. रुखमाबाईंनी कागद कपाळाला लावला.

"लय नीट पाह्यलं बाई तुमी."

मग माझ्या तोंडाकडं बघतच राहिल्या.

"काय झालं?"

"काही नाही. तुमच्या जैनाच्या घरात बी गोंदतात काय?"

"नाही. काहून?"

त्यांनी स्वतःच्या खालच्या ओठाखाली बोट टेकवून दाखवलं.

मी बेसिनवरच्या आरशापाशी गेले. स्पिरिटचा बोळा घेतला आणि घास घास घासलं.

बोळा पांढराच राहिला.